नवरी, समोर बघ

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पंधरा वर्षं मी मेलेल्या माणसांचे फोटो रंगवले... कुणाला टोपी चढवली, कुणाला कोट घातला, एका आजोबांना तर दात बसवून दिले. एकही जण साधे आभार मानायला आला नाही. मग भुतं मानायची कशी?

त्र्याण्णव साल असेल. नाशकात रविवार कारंजाजवळ एका स्टुडिओत मी रिटचिंग करायचो. भर एप्रिलात दिंडोरीकडचे निवृत्तीअण्णा आले, सोबत लग्न ठरलेली मुलगी, सुनंदा. अण्णांनी पिशवीतून स्वतःच्या लग्नातला फोटो काढला. अण्णा आणि शेजारी नवरी. सुनंदा सहा महिन्यांची असताना ती गेली. तिचा हा एकुलता एक फोटो — आणि त्यात तिचे डोळे मिटलेले.

“हाच मोठा करू की,” मी म्हणालो.

“हार कसा घालायचा? शेजारी मी जित्ता उभा हाय ना. येकटी काढून द्या तिला.”

सुनंदा हळूच म्हणाली, “काका, डोळे उघडता येतील? लग्नात आईनं मला बघावं असं वाटतं. मी तिचे डोळे कधी पाहिलेच नाहीत.”

आता धंद्यातलं गुपित फोडतो. डोळे उघडायचं काम आलं की मी बिनदिक्कत माझ्या मावशीचे डोळे काढायचो. टपोरे, समोर रोखलेले. दिंडोरी तालुक्यातली कितीतरी स्वर्गवासी मंडळी आजही भिंतीवरून माझ्या मावशीच्या नजरेनं पाहताहेत. मावशीला हे कळतं, तर तिनं माझ्याच फोटोला हार घातला असता.

तर, मावशीचे डोळे काढले, वाळत ठेवले, जेवून आलो... बुबुळं आपल्या डाव्या हाताला सरकलेली. म्हटलं, हात हलला असेल. ब्लेडनं खरवडून पुन्हा काढले. चहा पिऊन आलो — पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा काढले, तेव्हा डार्करूममधल्या दिलीपला मुद्दाम बोलावलं.

“बघतेय का समोर?”

“बघतेय ना. तुझी मावशीच आहे ही.”

सकाळी शटर उघडलं, तर नजर डावीकडे. आणि काउंटरवर अण्णा आणि सुनंदा. लग्न दोन दिवसांवर.

मी मान खाली घालून फोटो पुढे केला. “अण्णा, नजर तिरपी झालीय. लग्नानंतर नवीन करून देतो.”

अण्णा बघतच राहिले. मग बाकावर बसले.

“फोटोवाल्यानं तीनदा सांगितलं हिला, नवरी, समोर बघ. ही आपली माझ्याकडंच बघायची. शेवटी तो डाफरला, तवा लाजून डोळेच मिटून घेतले.”

मी मूळ फोटो काढला. अण्णा डावीकडेच उभे होते.

सुनंदाचा चेहरा उतरला. “म्हणजे आई माझ्याकडं नाही बघणार?”

“माझ्या बाजूला उभी राहा, पोरी. मंग बघंल.”

लग्नात मी जिलबी खायला हजर होतो. फोटोच्या डावीकडे अण्णा, त्यांना खेटून हळद लागलेली सुनंदा. बाकी मांडव नवरदेवाकडे बघत होता, ती दोघं फोटोकडे.

तुम्ही म्हणाल, मूळ फोटो समोर होता, हात आपोआप अण्णांच्या बाजूला वळला असेल. मान्य. पण दिलीपनं पाहिलं होतं त्याचं काय? दिलीप अजूनही शपथ घ्यायला तयार आहे. आणि खरं सांगू, उत्तर असतं तरी दिलं नसतं.

दहा-अकरा वर्षांनी, स्टुडिओत कॉम्प्युटर येऊन माझा ब्रश रिटायर झाला होता तेव्हा, सुनंदा पुन्हा आली. अण्णा गेले होते. त्यांचा फोटो फ्रेम करायचा होता. मी शहाणपणा केला, “आईच्या डाव्या हाताला लाव हं... म्हणजे आपल्या डाव्या.”

ती हसली. “तिथं खिळा आहे, काका. माझ्या लग्नानंतर अण्णांनीच ठोकून ठेवला होता.”