साडेपाच तासांचा फरक

आमच्या घरात संगणक एकच. सकाळी तो माझा, संध्याकाळी सासऱ्यांचा. विंडोज फार रेंगाळायला लागलं म्हणून मी माझ्या कामापुरतं त्यावर लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाकून घेतली. पण मामांना, म्हणजे सासऱ्यांना, फुलंब्रीच्या मित्राशी बुद्धिबळ खेळायला विंडोजच लागतं. चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तेवढाच त्यांचा विरंगुळा, म्हणून तेही राहू दिलं.

तेव्हापासून घड्याळाचं बिनसलं. सकाळी लिनक्स उघडलं की वेळ पुढं पळालेली. मी चरफडत ती बरोबर करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मिक्सरपासून गीझरपर्यंत प्रत्येक गोष्ट खोलून बघायची मामांना हौस. आरोपी शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

एका संध्याकाळी मी तोंड सोडलंच. "मामा, रोज घड्याळ कशाला बिघडवता?"

वाटलं, नेहमीसारखे भांडतील. पण म्हणाले, "मी तर रोज नीट करतो गं. अन् दुसऱ्या दिशी बघावं तर मागंच. मीच कायतरी भलतं करत असंल अन् इसरत असंल. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं व्हतं."

त्या भावाला शेवटी घरातली माणसंही ओळखू येत नव्हती. ही भीती ते एकटेच घेऊन बसले होते आणि वर मी दटावत होते.

फरक दर वेळी साडेपाच तासांचाच असतो, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. शोधल्यावर कळलं. संगणक बंद असतानाही त्याच्या आतलं एक घड्याळ चालू राहतं. विंडोज त्यात भारताची वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनविचची, म्हणजे साडेपाच तास मागची. मी दुरुस्त केलं की त्यांचं बिघडायचं, त्यांनी केलं की माझं.

मामांना पटेना. सून समजूत घालतेय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनाच विंडोजमध्ये वेळ लावायला सांगितली, संगणक बंद केला आणि लिनक्स उघडलं. घड्याळ साडेपाच तास पुढं.

"परत कर," ते म्हणाले. परत केलं. नंतर आणखी एकदा केलं.

लिनक्सलाही भारताची वेळ ठेवायला लावणारी आज्ञेची एक ओळ असते. मी ती टाइप करायला घेतली, तर त्यांनी कीबोर्ड स्वतःकडं ओढून घेतला.

"राहू दे दोन-चार दिस," ते म्हणाले. "त्यो संगणकच चुकतोय, ते रोज बघू दे मला."