माणूस गाळलेली बाग: मस्कत, निझवा आणि काही तुर्की चित्रं

जानेवारीत एकाच दिवशी मस्कतहून दोन फोन आले. सकाळी धाकट्या भावाचा, मिलिंदचा: "ताई, तू ये आणि पोरीला समजाव. चित्रकलेचं खूळ काढ तिच्या डोक्यातून." दुपारी त्याच्या बायकोचा, सुजाताचा: "ताई, तुम्ही या आणि यांना समजवा. पोरीला मनासारखं शिकू द्या म्हणावं." दोघांनाही खात्री की मी त्यांच्याच बाजूने बोलणार. आयुष्यभर सभा गाजवल्याचा हा परिणाम. एरवी घरात कुणी ऐकत नाही, पण भांडण पेटलं की वक्ता म्हणून बोलावतात.

भांडण असं होतं. माझी भाची सम्यका बारावीत. तिला मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात जायचं होतं. त्यासाठी चित्रांचा संच पाठवायचा, आणि त्यात माणसांची चित्रं असायलाच हवीत, अशी अट. सम्यका मात्र माणसं काढतच नव्हती. मिलिंद इंजिनिअर, त्याने इंजिनिअरसारखीच तडजोड काढली होती. मुलाखतीला बोलावलं तर जा, नाहीतर मुकाट्याने इंजिनिअरिंग. संच पाठवायची मुदत माझ्या मुक्कामातच संपत होती.

मी नागपूरहून निघाले. तुम्हीही जायचं म्हणत असाल तर हिवाळ्यात जा. मे महिन्यात तिथली उन्हं विदर्भाच्या माणसालाही गप्प करतात. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत मस्कतला टेकतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्यापूर्वी स्वतः तपासा, भावाच्या भरवशावर राहू नका. आणि बॅगेत लोणचं असेल तर दोन पिशव्यांत बांधा. माझं एकीत होतं. माझ्या सगळ्या सुती साड्यांना आठवडाभर कैरीचा वास होता.

मिलिंदचा फ्लॅट अल् घुब्रात, शाळेपासून चालत जाण्याइतका. खाली मल्याळी माणसाचं चहाचं दुकान, शंभर बैसात, म्हणजे वीसेक रुपयांत, कडक चहा, सोबत पराठा घेतला तरी खिसा हलत नाही. सम्यकाने दार उघडलं, वाकून पाया पडायला लागली, मी धरून वर उठवलं. "आत्या, तू थकली... थकलीस का?" तिचं मराठी असं, पाण्यात पाय बुडवून बघितल्यासारखं.

तिने चित्रं दाखवली. इमारतीचा जिना. शाळेचा व्हरांडा. दुपारचं मैदान, त्यात झोपाळा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. भिंतींवरचं ऊन तर असं की हात लावून बघावंसं वाटावं. आणि एकाही चित्रात माणूस नाही.

"माणसं कुठे गेली गं?" मी विचारलं.

"गेली," ती म्हणाली आणि फाइल बंद केली.

मी लगेच बोलायला सुरुवात केली. कला माणसासाठी असते, ज्यांना कुणी चित्रात घेतलं नाही त्यांना चित्रात आणणं हीच कलेची लढाई, वगैरे. माझा त्यावर ठाम विश्वास आहे, आजही. पण सम्यका पायाच्या अंगठ्याने फरशी घासत ऐकत राहिली, आणि स्वयंपाकघरातून सुजाता म्हणाली, "ताई, हातपाय तरी धुवा. सभा नंतर घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टॅक्सीने मत्रहला गेलो. मत्रह म्हणजे मस्कतचं जुनं बंदर. समुद्राकाठच्या रस्त्यावर पांढऱ्या इमारती, मागे उघडे तपकिरी डोंगर, आणि बाजारात शिरलं की लोबानाचा धूर. टॅक्सीचं भाडं बसण्यापूर्वी ठरवा किंवा मोबाइलवरून बोलवा. तिथल्या एका छोट्या खाजगी गॅलरीत तुर्की चित्रांचं प्रदर्शन होतं, काही मूळ, बरीचशी मोठ्या छापील प्रती. सम्यकाला ते बघायचं होतं. मलाही होतं, कारण तुर्कस्तानच्या चित्रकलेची गोष्ट मला फार वर्षांपासून आवडते. ती तोफखान्यात सुरू होते.

खरंच. ऑटोमन राजवटीच्या शेवटच्या शतकात लष्करी शाळांत रेखाटन शिकवत, कशासाठी, तर नकाशे आणि किल्ल्यांचे आराखडे काढता यावेत म्हणून. तिथल्या काही अधिकाऱ्यांचा हात रेघ ओढता ओढता रमला. कुणाला पॅरिसला शिकायला पाठवलं. जे गेले नाहीत त्यांच्यापैकी अनेकांनी राजवाड्याच्या बागांचे फोटो समोर ठेवले, त्यांवर चौकोन पाडले, आणि चौकोनागणिक ती बाग कॅनव्हासवर उतरवली. तळी, पायवाटा, कमानी. झाडाचं पानन् पान.

गॅलरीत पहिल्याच भिंतीवर तशा बागा होत्या. मी हात पसरून म्हणाले, "बघ! एवढी मोठी बाग आणि माळीसुद्धा नाही!" माझा खालचा आवाजही लोकांना वरचा वाटतो. दोन ओमानी मुली वळून हसल्या, आणि प्रदर्शन समजावून सांगणारी एलिफ नावाची इस्तंबूलची तरुणी आमच्याकडे आली.

"फोटोत माणसं असायची," ती इंग्रजीत म्हणाली. "हे लोक कधी कधी ती गाळायचे. का, ते नक्की कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं धर्म, कुणी म्हणतं त्यांना माणूस काढायला शिकवलंच नव्हतं. माझी आजी म्हणायची, ते लाजाळू होते."

पुढच्या भिंतींवर गोष्ट सरकत गेली. पहिलं महायुद्ध पेटल्यावर पॅरिसहून परतलेली पिढी, त्यांच्या कुंचल्यातून आलेला बॉस्फरस सामुद्रधुनीचा ओला उजेड. मुलींसाठी उघडलेली कलाशाळा, आणि मग आरशात स्वतःकडे रोखून बघणाऱ्या बायका. प्रजासत्ताक आल्यावरचे तरुण, माणसाचे त्रिकोण-चौकोन करणारे. सरकारने चित्रकारांना अनातोलियाच्या खेड्यापाड्यांत पाठवलं, तिथून आलेल्या कापणीवाल्या, मेंढपाळ. शेवटी जुन्या अरबी अक्षरांची वळणं मोकळी होऊन नुसता रंग झालेली. खेड्यातल्या बायकांपुढे मी थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या बायका भिंतीपर्यंत पोचायला केवढा प्रवास झाला! हेच तर मी पोरीला सांगत होते, म्हणून मी विजयाने मागे वळले.

सम्यका मागे नव्हती. ती पहिल्या भिंतीपाशीच होती.

"आत्या, इकडे ये ना."

ती एका बागेपुढे उभी होती. रिकामं बाकडं, रिकामी वाट. तिने चित्राला न लावता बोट धरलं. वाटेवर, झाडांच्या सावल्यांपासून जरा वेगळी, एक लांबट सावली पडली होती. खांदे होते तिला. वर टोपी.

"माणूस काढून टाकला," ती म्हणाली, "पण शॅडो ठेवली."

एलिफ हसली. "चूक आहे ती. चौकोन बघून काढताना त्या चौकोनात सावली होती, त्याने काढली. माणूस वरच्या चौकोनात होता. तो गाळला, पण खालचा विसरला."

"चूक नाही," सम्यका म्हणाली. या वेळी इंग्रजीत, आणि अजिबात न अडखळता. "त्याला माहीत होतं तिथे कोण होतं."

बाहेर येऊन आम्ही समुद्राच्या कठड्यावर बसलो, हातात शावरमा. तिथे तिने सांगितलं. पाचवीत तिने बेस्ट फ्रेंडचं चित्र काढलं, त्याच उन्हाळ्यात त्या मुलीच्या वडिलांची नोकरी संपली, ती केरळला गेली. आठवीत शेजारच्यांचं काढलं. ते कॅनडाला. "इथे सगळे जातात, आत्या. मग चित्र बघून... जास्त जातात."

मी तिचा हात धरला. आयुष्यात जितकी भाषणं केली त्यांतलं एकही त्या कठड्यावर उपयोगाचं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी मिलिंदला लष्करी चित्रकारांच्या चौकोनांबद्दल सांगत होते. त्याचा घास हातातच राहिला. "दादांसारखं?"

"कोण दादा?" सम्यकाने विचारलं.

"तुझे आजोबा गं. जयंतीला आमच्या वस्तीत भिंतीवर मोठं चित्र काढायचे. दोरी निळीत बुडवायची, एक टोक मी धरायचो, एक ताई. दादा मधून खेचून सोडायचे, फाट! भिंतीवर निळी रेघ. असे चौकोन पाडायचे अख्ख्या भिंतीवर."

"माझ्या फ्रॉकवर पण रेघ," मी म्हणाले.

"तू धड धरायचीच नाहीस. सारखी बोलत असायचीस."

सम्यका बापाकडे बघत होती. "ते माणसं काढायचे?"

"माणसंच. भिंतीएवढी." मिलिंद ताटात बघत म्हणाला, "पावसाळ्यात चित्र जायचं. पुढच्या जयंतीला परत काढायचे. कधी कुरकुरले नाहीत."

जेवण झाल्यावर सम्यका आजोबांचा फोटो मागून घेऊन खोलीत गेली.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून पहाटे गाडीने निझवा. रस्ता सुरेख, दीड-दोन तास, दोन्ही बाजूंना भाजलेल्या विटेसारखे डोंगर. शुक्रवारी सकाळी तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो, तो चुकवू नका: विकणारे बकऱ्या घेऊन गोल फिरतात, घेणारे कडेला बसून हाका मारतात. लवकर पोचा, ऊन चढलं की खलास, सगळं आवरतं. फोटो काढण्यापूर्वी विचारा. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. किल्ल्याचं तिकीट परदेशी माणसाला महाग वाटेल, पण बुरुजावरून खजुरांची हिरवी चादर दिसते, तेवढ्यासाठी घ्या.

किल्ल्याजवळच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, आम्ही हलव्यासाठी थांबलो. शेजारी मसाल्यांचं दुकान होतं. आतून आवाज आला, "ओ ताई, मराठी ऐकलं नि कान टवकारले बघा! कुठचे तुम्ही?"

दाऊदचाचा, दापोलीकडचे. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा. स्टुलं पुढे केली, कावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला, खजूर ठेवले. जन्म या दुकानात गेला म्हणाले, आता पुढच्या महिन्यात कायमचे गावी चाललेत. "मुलगा म्हणतो, अब्बा, यल्ला, चला, पुरे झालं. अर्बाबपण, दुकानाचा मालक, म्हणतो, जा बाबा, आराम कर. सगळे मला घालवायलाच बसलेत."

सम्यकाच्या मांडीवर चित्रांची वही होती. चाचांनी बघितलं. "चित्रं काढतेस? मग माझं काढ ना. या दुकानातलं. गावात कुणाला खरंच वाटणार नाही, मी इथे कसा बसायचो ते."

मी तोंड उघडलं. मिलिंदने माझ्या कोपराला हात लावला. मी मिटलं.

सम्यका बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही जाणार," ती म्हणाली.

"तर! म्हणून तर सांगतोय. राहणार असतो तर कशाला हवं होतं चित्र?"

तिने पेन्सिल घेतली. चाचा काही स्वस्थ बसणारे नव्हते. गिऱ्हाईक आलं की उठायचे, वेलची मोजून द्यायचे, परत येऊन विचारायचे, "नाक मोठं नाही ना काढलंस? आमच्यात सगळ्यांचं आहे, पण दाखवू नकोस." तिने पहिला कागद उलटला, दुसराही. तिसऱ्यावर चाचा दिसायला लागले: अर्धवट उठलेले, एक हात तराजूवर, मान दाराकडे, कुणाशी तरी बोलताना. जायला निघालेला आणि तरी तिथेच असलेला माणूस. मिलिंद तिच्या मागे उभा होता. त्याने खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि तो परत घालायचं विसरला.

चाचांना ते चित्र देऊन टाकायला सम्यका तयार होती. मिलिंद म्हणाला, "थांब. याचा फोटो आधी नीट काढू दे. संचात लागेल." मग स्वतःच, जरा ओशाळून, चित्र हातात देऊन चाचांना उजेडात उभं केलं आणि चित्राचा फोटो काढला. मुदत संपायच्या आत संच गेला. चाचांच्या चित्रासोबत एक जुनं चित्रही त्यात होतं, तो रिकामा जिना. आता मला त्यात दारांबाहेरच्या चपला दिसल्या, लहान-मोठ्या, एक पट्टा तुटलेला. पहिल्या दिवशीही त्या तिथेच होत्या. मी फक्त बोलत होते.

नागपूरला येऊन महिना होऊन गेला. साड्यांचा वास गेला. आणलेला हलवा संपला, लोबान मात्र अजून कपाटात आहे. मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि तिकीट मिलिंदनेच काढलं, कुणालाही न सांगता. माझं मत बदललेलं नाही: ज्यांना गाळलं त्यांना चित्रात आणलंच पाहिजे, हे मी उद्याही व्यासपीठावरून सांगेन. फक्त आता कुठल्याही रिकाम्या बागेपुढे आधी वाटेवर बघेन.

परवा सम्यकाने फोनवर एक चित्र पाठवलं. मस्कतचा विमानतळ, काचेचं दार, दाराशी मी, खांद्यावर पिशवी, मागे वळलेली. खाली मिलिंदने लिहिलं होतं, "ताई तोंड मिटून! पोरीची कल्पनाशक्ती बघ."

मी फोन केला. "समू, सगळं छान आहे. पण माझ्या पायाशी सावली नाही. विसरलीस."

"विसरली नाही, आत्या." तिने शब्द जुळवले. "ती मी ठेवून घेतली."