भरल्या ताटावरून

परळीचे एक दुकानदार लेकाकडे राहायला आलेत, मी अंबाजोगाईहून लेकीकडे. खाडीकाठच्या पक्षी उद्यानात रोज भेटतो. नवी नवरी असताना समुद्र बघायला गेले, तेव्हा पहिल्यांदा ओहोटी बघून मी शहाणी म्हणाले होते, “धरणाचे दरवाजे उघडले वाटतं!” पण या दुकानदारांचं अडाणीपण निराळंच. उघड्या चिखलात पाखरं किडे टिपायला उतरली, की हे टाळ्या पिटतात.

“अहो, भरल्या ताटावरून उठवतेत व्हय कुणाला?”

“उडल्याबिगर फोटो येत न्हाई, आक्का.”

काल पाखरं उडवून त्यांनी भज्यांचा डबा उघडला. मी त्यांच्या कानाशी टाळ्या पिटल्या. ते दचकून उठले.

“लई खट्याळ हाव तुमी!” म्हणत हसले आणि परत बसून खाऊ लागले.

पाखरांना परत बसता आलं नाही. तोवर भरतीचं पाणी चिखलावर चढलं होतं.