नळीची खंडेनवमी

नाथाजी मूळचे म्हसवडचे, सिद्धनाथाचे भक्त. शाळा चौथीपर्यंत. सांगलीच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते आणि आमचे हे तिथे पदार्थविज्ञान शिकवत. पण कॅथोड किरणांच्या नळीला हात लावायचा अधिकार एकट्या नाथाजींचा. लढाई चालू होती. नळी फुटली तर विलायतेहून दुसरी येणार नव्हती. ते तिला धुतल्या धोतराच्या घडीत ठेवत आणि तिच्यापुढे कुणी शिंकलं तर त्याला बाहेर काढत.

त्रेचाळीस साली ऐन खंडेनवमीला तीन परीक्षक आले. प्रयोग पाहून विज्ञानाचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे ते ठरवणार होते. वर्ग गेला तर प्रयोगशाळा उठणार आणि नाथाजी पुन्हा माणदेशात मेंढरांमागे जाणार. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरी त्यांनी सकाळीच सगळी यंत्रं पूजेला मांडली. नळीला झेंडूची माळ. मी गूळखोबरं घेऊन गेले, तर हे डोकं धरून उभे.

"नाथाजी, नळी काढा. मंडळी दारात आहेत."

"आवं सर, पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याबिगर उचलत न्हाईत. आज तिला इसावा हाय."

"आतले इलेक्ट्रॉन कधीच विसावा घेत नाहीत. ते तुमच्यात आहेत, झेंडूत आहेत, माझ्या चष्म्यात आहेत."

"असू द्या की. आपल्या मर्जीनं फिरत्यात. आपण कुठं जुपलंय त्यास्नी?"

"तुमची नोकरी जाईल."

नाथाजींनी नळीवरची माळ सारखी केली. "जाईल. खरं पूजा मोडून म्हसवडला तोंड काय दावू?"

मला राहवलं नाही. "नाथाजी, पूजेपुढं दिवा तर लागतोच ना?"

"वैनी, दिवा काम न्हवं. सेवा हाय."

"मग नळीतलाच लावा. जागची हलवू नका."

नाथाजींनी पाय धुतले, तारा जोडल्या आणि खिडक्यांचे पडदे ओढले. तोवर परीक्षक बूट काढून आत आले होते. यंत्र तडतडलं, काचेच्या टोकाला हिरवा ठिपका उजळला. नाथाजींनी नालेसारखं चुंबक ताम्हनात ठेवून ओवाळायला घेतलं. ठिपका सरकला.

"प्रकाश असता तर असा वळला नसता," हे घाईने सांगू लागले, "म्हणजे हे विजेचे कण—"

"सर, आरतीत बोलू नगा."

परीक्षकांनी हात जोडले. त्यांचे प्रमुख लालासाहेब मात्र कडक माणूस. हात जोडूनच म्हणाले, "चुंबक उलटं केलं की ठिपका उलटा जायला हवा. तेवढं दाखवा, नाहीतर प्रयोग अपुरा."

"आरती उलटी वव्हाळत न्हाईत," नाथाजी म्हणाले.

आता वर्ग गेलाच, असं मला वाटलं.

"अहो, आरती सुलटीच ओवाळा," हे हळूच म्हणाले. "ताम्हनातलं चुंबक तेवढं पालथं करा."

नाथाजींनी नळीकडे पाहून नमस्कार केला, परवानगी मागितल्यासारखा, आणि चुंबक पालथं केलं. ठिपका टुणकन पलीकडे गेला.

"मंजूर," म्हणत लालासाहेबांनी सहीसाठी खिसा चाचपला. पेन नव्हतं. बूट काढताना नाथाजींनी तिघांचीही पेनं मागून घेतली होती. "ल्याखणी तुमचं हत्यारच की," म्हणून ती झेंडूखाली ठेवली होती.

तिघं रात्री आमच्याकडे मुक्कामाला राहिले. दसऱ्याला पूजा उतरली, तेव्हा सही झाली. नाथाजी पुढे अठरा वर्षं त्या नळीपाशी होते.