पऱ्हाटीचा थंड धूर

चाळीसगावला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझ्याजवळच्या तापमापकाने तेरा अंश दाखवले. आकडा पाहून मला समाधान वाटले. साताऱ्याहून इतक्या दूर मी या थंडीसाठीच आलो होतो.

कारण थोडक्यात सांगतो. मांस धुरावर टिकवण्याच्या दोन रीती आहेत. गरम धुरात मांस शिजते. थंड धुरात ते शिजत नाही. मिठात मुरवून पाणी काढलेल्या मांसावर धूर नुसता थराथराने बसत जातो. त्यासाठी बाहेरची हवाही थंड लागते. खानदेशात अशी हवा वर्षातून जेमतेम तीन आठवडे मिळते, आणि तीही पहाटेपासून दहा वाजेपर्यंत.

गौतम हा माझा विद्यार्थी; मी काही काळ अमळनेरच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. अठरा वर्षे तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. गावी आई थकली, तेव्हा त्याने मला फोन केला. "सर, आई मटणाचे पट्टे मीठ लावून चुलीवर दोरीला टांगायची. तसंच, पण शास्त्रशुद्ध, मोठ्या प्रमाणावर करता येईल का?" मी त्याला आकृत्यांसह तीन पानी सूचनापत्र पाठवले. त्यात चौदा कलमे होती. त्या पत्राच्या भरवशावर त्याने सुरतेची खोली सोडली. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने पहिला घाणा पसंत पडल्यास दर आठवड्याला माल घेण्याचे कबूल केले होते. पसंत न पडल्यास गौतम पुन्हा सुरतेला जाणार होता. तिथल्या मुकादमाने त्याची जागा सोमवारपर्यंतच राखून ठेवली होती. तो पहिला घाणा पाहायला मी निघालो होतो.

चाळीसगावहून अमळनेरला एसटीने गेलो. पारोळ्याच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली आणि पिशवीत काच फुटल्याचा आवाज झाला.

शेजारच्या बाईंनी विचारले, "काय फुटनं, बाबा?"

"तापमापक."

"ताप उना का तुम्हले?" (ताप आला का तुम्हाला?)

"मला नाही. मटणासाठी आहे."

त्या पदर सावरून खिडकीकडे सरकल्या. मी मात्र निर्धास्त होतो. खबरदारी म्हणून मी तापमापक दोन आणले होते.

अमळनेरला स्टेशनजवळच्या खानावळीत भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली) खाल्ली. हिरव्या वांग्यांचे ते भरीत खाऊन मी मालकांना चवीचे रहस्य विचारले. ते म्हणाले, "गॅसवर हाई चव येत नही, सर. पऱ्हाट्यास्वर भाजेल शेतस वांगा." पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटून वाळवलेली कपाशीची झाडे. मी मागच्या अंगणात जाऊन एक काडी मोडून पाहिली, हुंगली आणि वहीत नोंद केली: "पऱ्हाटी. कडक, चीक नाही, धूर गोडसर. आपल्या कामास उत्तम."

ती नोंद अजून वहीत आहे.

दुपारच्या गाडीने दोंडाईच्याकडे निघालो. पांझरा नदीच्या पुलापुढे दोन्ही बाजूंना उपटलेल्या कपाशीची शेते होती. बांधाबांधावर पऱ्हाट्यांच्या गंज्या रचलेल्या. मैलोन्‌मैल एकही मोठे झाड दिसले नाही. हेही मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

गौतम स्टेशनावर मोटारसायकल घेऊन आला होता. गावातले त्याचे घर दोन खोल्यांचे. मागे परसात धुराचे कपाट उभे होते. माझ्या आकृतीपेक्षा ते देखणे झाले होते. तेलाच्या पिंपाची भट्टी. तिथून वीस फूट मातीचा नळ जमिनीखालून गेलेला, म्हणजे धूर वाटेत निवतो. शेवटी सुरतेहून आणलेले जुने लोखंडी कपाट. कपाटाचा रंग त्याने खरवडून काढला होता, कारण कलम तीन तसे सांगते. जस्ताचा पत्रा कुठेही वापरला नव्हता, कारण कलम चार ते मना करते. माझी तीन पाने प्लास्टिकमध्ये घालून कपाटाच्या दारावर चिकटवली होती.

गौतमची बायको रेखा म्हणाली, "रोज पहाटे उठीसन वाचतस. शाळामा इतलं वाचतात तं कलेक्टर व्हतात."

"सर होते तेव्हा वाचायचो," गौतम म्हणाला.

"तेव्हाही नाही," मी म्हणालो. खाटेवर बसलेल्या त्याच्या आई, आक्का, याही तोंडाला पदर लावून हसल्या. त्या घरात सगळे मिळून हसले ते तेवढेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही कपाट उघडले. पाच पहाटेंचा धूर खाल्लेले बोकडाचे पट्टे तांबूस, कोरडे आणि टणक झाले होते. दुपारी ते फ्रीजमध्ये ठेवायचे, हेही त्याने पाळले होते. घाण्याचा अर्धा भाग आदल्या दिवशी हॉटेलात पोहोचला होता. बाहेर चौदा अंश, कपाटात एकोणीस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सूर्य वर आल्यावर कपाटावर ओले पोते टाकावे, असे कलम अकरा सांगते. पोते भिजवायला मी कोपऱ्यातली निळी बादली उचलली.

"ती नका ल्या, सर," रेखा चुलीपासून म्हणाली. "ती फवारानी शे." (ती औषध फवारणीची आहे.)

मी बादली खाली ठेवली. मग भट्टीकडे पाहिले. गौतम पिंपात पऱ्हाट्या मोडून टाकत होता.

"गौतम, या काड्या कोणत्या शेतातल्या?"

"आपल्याच, सर."

"यंदा फवारण्या किती झाल्या?"

त्याने बोटांवर मोजले. "सात. नाही, आठ. शेवटी कपाशीवर लाल्या रोग आला होता." हात तसाच हवेत राहिला. तो हुशार होता. पुढचे मला सांगावे लागले नाही.

"पण सर, कलम सात," तो हळूच म्हणाला.

कलम सात मला पाठ होते. इंधन कडक, वाळलेले, चीक नसलेले व गावात सहज मिळणारे असावे. त्या गावात सहज मिळणारे इंधन एकच होते. पत्र्यावरच्या विषाचा मी विचार केला होता, रंगातल्या विषाचा केला होता. काडीतल्या विषाचा केला नव्हता.

"भरीत तर सगळेच खातात पऱ्हाटीवरचं," तो म्हणाला.

"वांगं थोडा वेळ भाजतात, आणि त्याची साल काढून टाकतात. हे मांस पाच दिवस धुरात आहे. याला साल नाही." काडीत औषध किती उरते, धुरात किती उतरते, हे मला माहीत नव्हते, आजही नाही. पण जे माहीत नाही ते लोकांच्या ताटात वाढता येत नाही.

"मग टाकायचं?"

"हो."

"बठ्ठं?" (सगळं?)

"बठ्ठं."

तो उठला आणि हॉटेलात दिलेला माल परत आणायला निघून गेला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

आक्का खाटेवरून म्हणाल्या, "मन्ही चूल बाभूयनी व्हती. तवय बांधवर बाभूया व्हत्यात. आते काय शे? कापूसच कापूस." (माझी चूल बाभळीच्या लाकडांची होती.)

रेखा भाकरी थापत होती. तिच्या चुलीतही पऱ्हाट्याच जळत होत्या. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. खोकून तिने फुंकणी खाली ठेवली.

"सर, एक इचारू?"

"विचार ना."

"मटनले पाच दिन धूर लागना तं फेकनं पडी. मी पंधरा साल व्हयनात आठे बठेल शे." (मी पंधरा वर्षे इथे बसलेली आहे.) "मन्हं काय करशात?" (माझं काय कराल?)

ती रागावलेली नव्हती. वर्गात एखादी मुलगी फळ्यावरची चूक दाखवते, तितक्याच साधेपणाने तिने विचारले. चौतीस वर्षे मी शिकवले होते. मी भट्टीकडे गेलो आणि उरलेल्या काड्या बाहेर ओढू लागलो.

गौतम अकराच्या सुमारास माल घेऊन परतला. हॉटेलवाला म्हणाला होता, "इतला शानपना नको रे भाऊ, कोनी मरी गया का?" आणि नंतर, "आते गिऱ्हाइकले समजनं तं मन्हं हॉटेल बंद पडी. पुढला साल दखसूत." (पुढच्या वर्षी पाहू.) परसातच खड्डा खणून आम्ही सगळे पुरले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले.

बाभळीच्या लाकडावर नव्याने सुरुवात करावी, असे मी सुचवले. त्याने शांतपणे हिशेब मांडला. लाकूड साक्रीकडून आणावे लागेल. काळा पडलेला नळ उकरून बदलावा लागेल. नवे मांस चार दिवस मिठात राहील. तिसऱ्या दिवशी पहाटे तापमापक एकोणीस दाखवत होता. थंडी संपली होती.

रविवारी आम्ही दोघे दोंडाईचा स्टेशनावर उभे होतो. सुरतेची गाडी आधी आली.

"आईकडे रेखा आहे," तो म्हणाला. मग खिशातून प्लास्टिकमधली तीन पाने काढून त्याने माझ्या हातात दिली. "दुरुस्त करून ठेवा, सर. दुसऱ्या कोणाला द्याल."

साताऱ्याला आल्यावर मी कलम सातमध्ये एक वाक्य वाढवले: फवारलेल्या पिकाची काडी वापरू नये. अक्षर नेहमीसारखे स्वच्छ आले.

मग पिशवी रिकामी केली. तळाशी रेखाने वाटेसाठी बांधून दिलेली भाकरी तशीच होती, वाळून कडक झालेली. फडके सोडताच पऱ्हाटीच्या धुराचा गोडसर वास खोलीत पसरला. ती मला खाववेना आणि टाकवेनाही. रेखा त्या वेळी तिकडे संध्याकाळची चूल पेटवत असणार. आणि माझ्या चौदा कलमांत तिच्यासाठी एकही नव्हते.