छत्रीच्या काड्यांची मोटरसायकल

ये गं, अशी जवळ येऊन बस. आणि तो फोन आधी पर्समध्ये टाक. मघाशी कपाटावरची मोटरसायकल तुझ्या दुपट्ट्यात अडकून खाली पडली, तर म्हणालीस काय? "नानी, इट्स जस्ट अ टॉय, आय विल ऑर्डर अ न्यू वन." वा गं वा! दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये एवढं मोठं ऑफिस तुझं, मग सांग बघू, ही कुठल्या दुकानात मिळते? कुठल्याच नाही. रागावले नाही गं, तोंड पाडू नकोस. चहा घे आणि ऐक.

साठचं दशक सरत आलं होतं. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावाहून मी मुंबईला आले आणि तिथून आगबोटीने दुबईला. पेटीत काय काय होतं? कपडे, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुका जवळा आणि एक कोरी काळी छत्री. माझ्या अम्माने घातलेली. तिला बिचारीला वाटायचं, माणसं राहतात तिथे पाऊस हा असणारच. दुबईच्या देरा भागात माझ्या जेठांच्या, तुझ्या नानांच्या थोरल्या भावाच्या घरी पेटी उघडली आणि भाभीने, म्हणजे जेठाणीने, ती छत्री बघितली. मग काय! आख्ख्या गल्लीतल्या बायका गोळा झाल्या.

"बघा गो, हिने छत्री आणलीन! कोणावर धरणार, उंटावर?"

मी हसले, पण आतून मेल्याहून मेले.

त्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं. तुझे नाना आणि मी पडद्याआड राहायचो. भाभीचे दिवस भरत आलेले, जागा हवीच होती. एक दिवस जेठांनी समजुतीनेच सांगितलं, "ईद-ए-मिलाद झाली की हिला बोटीत बसवू. खोली मिळाली की परत आण." खोली म्हणजे काय, ठाऊक होतं सगळ्यांना. तुझे नाना ज्या गॅरेजात होते त्याच्या मागे एक खोली होती, पण ती फिटरला मिळायची. फिटर नुकताच अबू धाबीला निघून गेला होता. तुझे नाना तेव्हा फिटर नव्हते. ते रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे.

गॅरेजचा मालक, आमचा अरबाब, म्हातारा पण हौशी. जपानहून मोटरसायकली मागवून विकायचं त्याने ठरवलं. पहिल्या पेटाऱ्यात गाड्यांबरोबर एक खोका आला. आत प्लास्टिकचे इवले इवले तुकडे, जोडले की वीतभर मोटरसायकल. अरबाब सगळ्यांसमोर म्हणाला, "ही अगदी माझ्या गाडीसारखी करा. ईदला दुकान उघडेन तेव्हा काचेच्या कपाटात ठेवीन. ज्याचे हात ही जोडतील तो माझा फिटर. खलास." बाकीचे म्हणाले, हा पोरखेळ कोण करणार? तुझ्या नानांनी खोका उचलला.

उचलला खरा. पण त्यांची बोटं केवढी, आठवतं ना तुला? केळी एकेक! पहिल्याच संध्याकाळी दोन आरे मोडले, सायलेन्सर अंगठ्याला चिकटला, आणि ते खोका भिरकावणार होते.

मी म्हटलं, "अवो, द्या इकडे."

"तुला काय कळतंय यातलं?"

"चोळी बेतायला कळतं ना? तसंच हे."

खरंच तसंच होतं. कागदावर सगळं जपानीत, पण चित्रं होती आणि चित्रांना आकडे होते. चौथी शिकलेली मी, आकडे वाचता येत होते. आधी सगळे तुकडे ताटात मांडले, तांदूळ निवडतात तसे. इंजिन जुळलं. चाकं जुळली, मोडलेले आरे सुईच्या टोकाने डिंक लावून बसवले. अरबाबची गाडी रोज गल्लीतून जायची, मी जाळीच्या खिडकीतून बघायची. हिरवी टाकी, त्यावर दोन पांढऱ्या रेघा, सीटवर बकरीची लोकर आणि बाजूला पाण्याची चामड्याची पिशवी लटकलेली, वाळवंटात जातात तशी. गॅरेजातला हिरवा रंग आणवला. रेघा कशाने काढू? मेंदीच्या काडीने. लग्नघरात नवरीचे तळवे रंगवणारे हात माझे, दोन रेघा म्हणजे काय? वेल्डिंगचा एक जुना हातमोजा होता, त्याचा अंगठा कापून, कापूस भरून शिवला. झाली पिशवी!

आणि इथे मी माती खाल्ली. रंग ओला होता, ईद चार दिवसांवर. आमच्याकडे काय वाळवायचं झालं की उन्हात घालायचं, हे जन्माचं अंगवळणी. मासे म्हणा, पापड म्हणा, आमसुलं म्हणा. मी पुढचं चाक धरणारे दोन लांब दांडे आणि हँडल पत्र्याच्या ताटात घातले आणि ताट गच्चीवर ठेवून आले. भर दुपारी, जूनमध्ये, दुबईच्या उन्हात! वर फडकंही झाकलं, कावळे नेतील म्हणून. तासाभराने जाऊन बघते तर दांड्यांची कोळंबी झालेली. वाकडी, गुंडाळलेली. हँडल तर ताटालाच चिकटलेलं.

भाभी मागून आली, ताटात बघितलंन आणि म्हणाली, "हे काय तळायला घेतलंस? जाऊ दे गो, चल, पेटी भरायला मदत करते." टोमणा नव्हता तो. खरंच मदत करायला आली होती, म्हणून जास्त लागला.

खाली येऊन पेटी ओढली. वरच छत्री! उघडली, नुसती रागाने उघडली. आणि खिडकीतल्या उन्हात त्या काड्या चमकल्या गं. आठ काड्या, बारीक, सरळ, चांदीसारख्या. चाकाचे दांडे असेच तर असतात! भाभी "अगो, कोरी छत्री!" म्हणेपर्यंत मी कापड उसवायला घेतलं होतं.

तुझे नाना आले, त्यांच्यासमोर काड्या धरल्या. म्हटलं, "प्लास्टिक तुमचं ऐकत नाही. लोखंड ऐकेल ना?" काड्या घेऊन गॅरेजात गेले. प्लास्टिकपुढे अडाणी असलेली ती बोटं लोखंडापुढे शहाणी झाली बघ. मापात कापून, कानस मारून, हँडल वाकवून आणलं, ते भोकात असं बसलं की डिंकसुद्धा नको. दोन काड्यांत सगळं झालं.

ईदच्या आदल्या दिवशी सगळे गॅरेजात जमले. आम्ही बायका दाराच्या पडद्यामागे. जेठांनी तुझ्या नानांना बजावलं होतं, "मीच केली म्हण. बायकोने केली म्हणालास तर हसतील." अरबाबने गाडी तळहातावर घेतली. रेघांवरून बोट फिरवलं. पिशवी बघितली, हसला. फुंकर मारली तर पुढचं चाक गरगर फिरलं. मग दांड्यावर नख वाजवलं. टिंग! भुवया वर गेल्या.

"मिनू सव्वा?" कोणी केली?

तुझ्या नानांनी जेठांकडे बघितलं. मग म्हणाले, "माझ्या बायकोने. मी फक्त लोखंड कापलं. प्लास्टिक उन्हात वाकलं, तर तिने छत्री मोडून दिली."

अरबाब एवढ्याने हसला की कबुतरं उडाली. "प्लास्टिक मोडलं तर रडतो तो धुणारा," तो म्हणाला, "लोखंड घालतो तो फिटर. खोली तुझी. आणि त्या बाईला सांग, माझी गाडी माझ्यापेक्षा तिने नीट बघितली. माशाल्ला!" आणि खोलीची किल्ली तुझ्या नानांच्या हातावर ठेवली.

मी पडद्यामागे भाभीच्या कानात म्हटलं, "काय भाभी, छत्री कामी आली की नाही?"

भाभीने मला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं. पण खोलीत पहिली चूल तिनेच येऊन पेटवून दिलीन, तेही दिवस भरलेले असताना. बोट माझ्याशिवाय गेली. तुझी अम्मा त्याच खोलीत जन्मली. पुढे अरबाब वारला, दुकान उठलं, तेव्हा त्याच्या लेकाने ही गाडी स्वतः आणून दिली.

आता बघ, तू पाडलीस तरी दांडे शाबूत आहेत. टाकी निखळली आहे आणि आरशाची दांडी मोडली आहे, एवढंच. माझे हात आता कापतात, तुझी नखं मात्र नाजूक कामाची आहेत. पेटीत छत्रीच्या सहा काड्या अजून आहेत. येत्या शुक्रवारी डिंकाची ट्यूब घेऊन ये. इकडे शारजाला येतानाच्या ट्रॅफिकचं कारण नको सांगूस, सकाळी लवकर निघ. मी घावणे करून ठेवते. येशील ना गं?