कोठारातली ओल

एका उशीला खोळ चढवून झाली होती, दुसरी अर्ध्यावरच राहिली. थोरलीचा हात पलंगामागच्या भिंतीला लागला आणि ती थबकली. गिलावा गारढोण होता, बोटं ओली झाली.

घरामागचं जुनं दगडी कोठार तिने वडिलांसाठी राहतं करून घेतलं होतं. नानांची छाती नाजूक. जरा गारवा लागला की खोकून खोकून जीव मेटाकुटीला यायचा, आणि धाकट्या भावाकडचे तीन जिने आता झेपेनात. "माझ्याकडे येऊ दे त्यांना," हे थोरलीचं वर्षानुवर्षांचं पालुपद. रविवारी भाऊ त्यांना घेऊन येणार होता.

जमिनीच्या कामात तिने कसर सोडली नव्हती. माती उकरून खडी, तिच्यावर प्लास्टिकचा जाड कागद, मग थर्माकोलचे कडक तक्ते, काँक्रीट आणि वर फरशी. अनवाणी पायालाही गार लागत नव्हतं.

निरोप मिळताच गवंडी आला. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याने भिंत चाचपली.

"वहिनी, जमीन बंद केली, तशी ओल भिंतीत चढली. तिला निघायला वाट हवी. पूर्वी जमिनीतून, चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जायची. आता वर सिमेंटचा गिलावा. जाणार कुठे?"

"मग तेव्हा तोंडात मूग धरले होते का?"

"बोललो की! तुम्ही म्हणालात, चुन्याची भुकटी नानांच्या अंथरुणावर पडेल, मला आरशासारखी भिंत पाहिजे. मग मीही मान डोलावली."

खरं होतं ते. थोरलीने विचारलं, "आता?"

"कंबरेइतका गिलावा फोडून चुन्याचा करायचा. बाहेर भिंतीला टेकलेली माती खाली घ्यायची, चर खणून खडी भरायची. मग नुसतं वाळू द्यायचं. हिवाळा जाईल."

"आणि रंगाचा एक हात मारला तर?"

"रविवारी छान दिसेल."

तो गेल्यावर ती पलंगाच्या कडेला नाम घेत बसली, पण चित्त लागेना. रोज देवाकडे तिने नानांना मागितलं होतं. त्या मागण्यात 'बघा, शेवटी मीच सांभाळलं' हेही चिमूटभर मिसळलेलं होतं, हे तिला आत्ता उमगलं. रंग मारला असता तर तेवढं साधलं असतं. छाती मात्र नानांची होती.

तिने फोन लावला. भावजयीने उचलला, ऐकलं आणि म्हणाली, "वन्सं, मला वाटलंच होतं! इथे बॅगा भरून तयार आहेत."

"तुझं वाटणं खरं ठरलं बाई. पण ओल्या खोलीत मी त्यांना झोपवणार नाही. दे त्यांना."

पलीकडे आधी खोकला आला, मग नाना. "वाळू दे गं भिंती. पण खरं सांग, मी नकोसा झालोय का?"

"नकोसे असता तर रंग मारून बोलावलं असतं, नाना."

नाना हसले. हसता हसता पुन्हा खोकले. "मग फोड," म्हणाले, "नीट फोड."

थोरलीने फोन ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि चुन्याच्या गोण्या सांगायला दुकानाकडे निघाली.